दाजीबा हत्तीचा उजवा कान

एका जंगलात एक हत्ती होता.

जंगल कुठलं, ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथले रहिवासी भांडायला येतात. नीट मांडी घालून बसा. शेंगदाणे खायचे असतील तर टरफलं खिशात ठेवा.

हत्तीचं नाव दाजीबा. तो पंच होता. क्रिकेटचा नव्हे. दोघं भांडले की तिसऱ्याकडे जातात, तो तिसरा म्हणजे पंच. त्याला त्या भांडणातलं काही मिळत नाही. मान मिळतो. मान खाता येत नाही, पण काही जणांना त्याच्यावाचून घास उतरत नाही. दाजीबा त्यांतला होता.

त्या जंगलात न्यायाची एक रीत होती. पाणवठ्याशी एक रुंद काळी शिळा होती. बाजाराच्या दिवशी पंच तिच्यावर बसे. फिर्याद करणाऱ्याने पंचाच्या उजव्या कानाशी उभं राहायचं. ज्याच्यावर फिर्याद असेल, त्याने डाव्या कानाशी. दोघांनी एकदमच बोलायचं. हत्तीचं डोकं केवढं! मध्ये भिंतच. याला तो दिसत नसे, त्याला हा दिसत नसे, म्हणून मारामारी होत नसे. दोन्ही बोलणी दोन कानांनी आत जात, डोक्यात मधोमध भेटत. तिथे काय झटापट व्हायची ती होई. जे शिल्लक राही, तो न्याय.

दुसरा नियम याहून कडक. पंचाने कानावर आलं तेवढंच धरायचं. डोळ्यांनी पाहिलेलं धरायचं नाही. मनाला ठाऊक असलेलं तर मुळीच नाही. कारण ठाऊक सगळ्यांनाच सगळं असतं. म्हणून तर भांडणं होतात.

हे दोन नियम लक्षात ठेवा. मी पुन्हा सांगणार नाही.

दाजीबा म्हातारा झाला. कान सुपाएवढे होते, ते सुपाएवढेच राहिले. ऐकू येणं तेवढं कमी झालं. आधी पाखरं बंद झाली. मग पोरंबाळं. मग बायकामंडळी. सगळ्यात शेवटी गवा आणि वाघ उरले, तेही पुटपुटल्यासारखे.

जंगलाला याचा पत्ता नव्हता. उलट न्यायाचं नाव वाढलं. दोघं दोन बाजूंनी बोलत. दाजीबा डोळे मिटी, कान हलवी आणि म्हणे, "पुढच्या बाजाराला या." पुढच्या बाजारापर्यंत निम्मी भांडणं आपोआप विझत. उरलेल्या भांडखोरांतले काही वाघाच्या पोटात जात. बाकीचे कंटाळून समेट करत. सगळे म्हणत, "काय सबुरी आहे!"

एकदा पाणवठ्यावरचं वाळकं सागाचं झाड कडाडलं. सगळे पळाले. दाजीबा जागचा हलला नाही. झाड त्याच्या शेपटीमागे पडलं. जंगल म्हणालं, "काय धीर आहे!"

खरं काय ते एकट्या भागाबाईला माहीत होतं. भागाबाई म्हणजे दाजीबाची बायको. ती जेवायला हाक मारी, तेव्हा हा आंघोळीला निघे.

आणि एक दिवस ते येसाजी गव्यालाही कळलं. येसाजी अंगाने भक्कम, कानाने तिखट. त्याला ती शिळा हवी होती. तो गुपचूप दाजीबाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने एक हंबरडा फोडला. झाडावरची दोन वानरं खाली पडली. दाजीबाचा कान हललासुद्धा नाही.

गव्याने जंगल गोळा केलं. "पंचाच्या कानाची परीक्षा घ्या. पुढच्या बाजाराला. ऐकू आलं तर बसू दे. नाही आलं तर उठू दे."

जंगलाला परीक्षा आवडते. दुसऱ्याची असली की फारच. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दाजीबाने हे भागाबाईकडून ऐकलं. तिने उजव्या कानाला तोंड लावून, सगळा जीव एकवटून सांगितलं.

"मला चांगलं ऐकू येतं," दाजीबा म्हणाला. "लोकच हळू बोलायला लागलेत."

"सगळं जंगल?"

"सगळं. पूर्वीच्या जनावरांसारखी छाती राहिली नाही कुणाची."

बोलला खरा, पण त्या दिवशी त्याने ऊस सोडला. शिळा गेली तर आपण नुसते एक मोठं जनावर उरणार, हे त्याला कळत होतं. मोठी जनावरं पुष्कळ असतात. शिळा एकच असते.

"चला, कोल्ह्याकडे जाऊ," भागाबाई म्हणाली. मग सांगत बसली नाही. तिने त्याची शेपटी धरली आणि ओढत नेलं.

रंगराव कोल्ह्याचं वडाखाली दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'श्रवणसुख केंद्र. ज्येष्ठांसाठी.' आधी त्याने 'म्हाताऱ्यांसाठी' लिहिलं होतं. म्हातारे पाटी वाचून परत जात.

"या, दाजीबा, या! आधी चाचणी," रंगराव म्हणाला. चाचणी झाडाच्या ढोलीत बसवून होत असे, म्हणजे बाहेरचा आवाज नको. हत्ती ढोलीत मावेना. पाय मावेना. कानसुद्धा मावेना. शेवटी सोंड आत घातली. सोंडेची चाचणी झाली. सोंडेला उत्तम ऐकू येतं, असा निकाल आला.

"बघ!" दाजीबा भागाबाईला म्हणाला.

"कानाला तोंड लावून बोलून बघा," भागाबाई रंगरावावर खेकसली. "कान इकडे आहेत. दोन. एवढे मोठे. दिसत नाहीत का?"

रंगरावाने तसं केलं. मग मान हलवली. "वहिनी, उजव्यात धुगधुगी आहे. डावा त्याहून खाली गेलाय. दोन्हींना मशीन लागेल."

मग त्याने मशीनं मांडली. "हे कानामागे बसतं. हे कानात बसतं. आणि हे बघा, हे इतकं लहान की घातलंय हे तुम्हांलाही आठवणार नाही."

"मग हरवलं तर सापडणार कसं?" भागाबाईने विचारलं.

"सापडत नाही. लोक दुसरं घेतात."

भागाबाईने कानामागचं मोठं उचललं. तिच्या सोंडेला धरता येईल असं. "हे द्या. दोन."

"एक," दाजीबा म्हणाला.

"अहो, दोन कान आहेत."

"एक म्हणजे सोय. दोन म्हणजे म्हातारपण." दाजीबाने सोंड आपटली. "लोक काय म्हणतील? पंच दोन्हीकडून गेला म्हणतील."

"दाजीबा, खरंच दोन घ्या," रंगराव कळवळून म्हणाला. "एकाने एकाच बाजूचं ऐकू येईल. आणि न वापरलेला कान म्हणजे न वापरलेली पायवाट. त्याच्यावर गवत वाढतं."

मुलांनो, कोल्हा आयुष्यात एकदाच खरं बोलला. पण त्या वेळी तो माल विकत होता. त्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही.

दाजीबाने एकच घेतलं. उजव्या कानाला. शुभकार्य उजव्याने करतात म्हणून.

रंगरावाने बजावलं, "एकदम बाजारात घालून जाऊ नका. आधी घरी, थोडा वेळ. एकाशी बोला. मग दोघांशी. हळूहळू कानाला सवय लागते. पाण्यात घालू नका. सेल संपले तर बदला. शिटी वाजली तर नीट बसवा."

घरी गेल्यावर दाजीबाने मशीन घातलं आणि ऊस तोंडात धरला. एकदम दचकला.

"कोण खातंय हे? एवढा आवाज करून?"

"तुम्हीच," भागाबाई म्हणाली. "चाळीस पावसाळे मी हेच ऐकतेय."

माशी बसली म्हणून त्याने कान हलवला, तर वादळ उठल्यासारखं झालं. तो झाडाच्या आडोशाला पळाला. बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती. पान पडलं तरी त्याला डोंगर कोसळल्यासारखं वाटे. भागाबाई मात्र बोलत होती आणि ती काय बोलते ते स्पष्ट कळत होतं. हे सगळ्यात जड गेलं.

त्याने मशीन काढून डबीत ठेवलं. सवयबिवय काही नाही. ते थेट परीक्षेच्या दिवशी बाहेर काढलं.

बाजाराच्या दिवशी सगळं जंगल पाणवठ्याशी जमलं. येसाजी गवा पुढे झाला. फिर्याद त्याची, म्हणून रीतीप्रमाणे तो उजव्या कानाशी उभा राहिला. दाजीबाच्या कानात कल्ला माजला होता. बगळ्यांचा फडफडाट, बेडकांचा डराव, माकडांचं खाजवणं, सगळं एकदम. पण गवा अगदी कानाशी होता. त्याने हळूच, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "थेरडा आज पडतो बघ."

"थेरडा पडत नाही," दाजीबा मोठ्याने म्हणाला. "पुढे बोल."

जंगलाने जल्लोष केला. गव्याचं तोंड पडलं. दाजीबाने त्या दिवशी घरी जाऊन दोन भारे ऊस खाल्ला.

आता खरी गंमत पुढे आहे. हसायची घाई करू नका.

पुढच्या बाजाराला रानडुकराची फिर्याद होती, गोदाबाई साळिंदरावर. डुक्कर उजवीकडे उभं राहिलं. म्हणालं, "ते बीळ माझ्या बापाने खणलेलं आहे. ही बाई त्यात घुसून बसली आहे."

गोदाबाई डावीकडे उभी होती. तीही त्याच वेळी बोलत होती. "मी माझ्या नखांनी उकरलंय ते, दाजीबा. पोरं आत आहेत माझी. याला म्हणावं, एकदा आत शिरून दाखव. याचं तोंड तरी मावतंय का बघा."

दाजीबाला डावीकडून नुसती भुणभुण जाणवली. माशी असेल म्हणून त्याने डावा कान झटकला. गोदाबाई चार हात लांब जाऊन पडली.

"बीळ डुकराचं," दाजीबा म्हणाला.

सगळे थक्क झाले. पूर्वी आठवडे जात. आता बोलणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत निकाल! डुकराने बीळ ताब्यात घेतलं. त्यात त्याचं नाकच मावलं. पण नाक आत घालून ते दिवसभर समाधानाने पडून राही. जिंकलेली वस्तू वापरावीच लागते असं थोडंच आहे?

नंतर तरसाने ससाण्यावर फिर्याद केली. तरस जिंकलं. ससाण्याने घारीवर केली. ससाणा जिंकला. घारीने तरसावर केली. घार जिंकली. जंगलाच्या ध्यानात आलं. उजवीकडे जो उभा, तो जिंकतो. असं का, हे कुणी विचारलं नाही. जंगल म्हणालं, शिळेला उजवी बाजू मानवते. चार दिवसांत तो धर्म झाला.

मग फिर्यादी वाढल्या. ज्याने चोरी केली तो चोरी झालेल्याच्या आधी पळत येऊन फिर्याद करू लागला. माकडं उजवीकडची जागा धरून बसू लागली आणि केळी घेऊन ती सोडू लागली. मुंगसाने, पुढेमागे साप आपल्याला त्रास देईल, अशी फिर्याद आगाऊच करून ठेवली. साप हरला. त्याला कळलंसुद्धा नाही, तो तेव्हा वारुळात झोपला होता.

आणि सगळे दाजीबाला म्हणत, "काय झटपट न्याय! मशीन काय लागू पडलं हो तुम्हांला!"

भागाबाई घरी म्हणाली, "अहो, डाव्यालाही घाला. गोदाबाई पोरं घेऊन दगडाच्या कपारीत राहतेय."

"तिने तिची बाजू मांडायला हवी होती."

"मांडली होती. डावीकडून."

"माझ्या कानावर आली नाही."

"तेच तर मी सांगतेय!"

"अगं, लोक माझ्या न्यायाला नावाजतात."

"कोण लोक? उजवीकडचेच ना?"

दाजीबाने मशीन काढून डबीत ठेवलं. समोर भागाबाईचं तोंड हलत राहिलं, आणि रान एकदम शांत झालं. यंत्राचा हा उपयोग रंगराव कोल्ह्याने सांगितला नव्हता. तो दाजीबाने स्वतःच्या अकलेने शोधून काढला.

येसाजी गवा इतके दिवस गप्प होता. तो अंगाने जाड होता, डोक्याने नव्हता. एका बाजाराला तो उजाडताच आला, माकडाला केळ्यांचा घड दिला आणि उजव्या कानाशी उभा राहिला.

"फिर्याद कशाची?" दाजीबाने विचारलं.

"या शिळेची. शिळा माझी आहे."

"कुणावर?"

"तुमच्यावर."

असं कधी झालं नव्हतं. पण रीत होती. फिर्याद पंचावरच असेल तर डावीकडे पंचाच्या घरचं कुणी उभं राहावं. भागाबाई पुढे आली आणि डाव्या कानाशी उभी राहिली.

गवा म्हणाला, "ही शिळा उन्हाळ्यात तापायची, पावसाळ्यात शेवाळायची. तिला विचारत कोण होतं? माझा आजा इथे रोज अंग घासायचा. घासून घासून त्याने ती गुळगुळीत केली. मग हत्ती आले आणि बसले. ज्याने घासली त्याची शिळा, की जो बसला त्याची?"

डावीकडून भागाबाई गरजली, "खोटं आहे! अहो, याचा आजा इथल्या गाळात रुतला होता. मामंजींनी सोंडेने ओढून काढला त्याला. अंगाचा गाळ काढायला शिळेला घासला तो, एकदाच. शिळा आधीपासून आपलीच. तुम्ही तिथे होतात! अहो! ऐकताय का? अहो, मान वळवा!"

तिला उजवीकडे जायचं होतं. माकडं आडवी आली. "डावीकडच्याने डावीकडेच. रीत आहे."

दाजीबा लक्ष देऊन ऐकत होता. गव्याच्या बोलण्यात खोट आहे हे त्याच्या मनाला ठाऊक होतं. त्याला तो गाळ आठवत होता. बाबांच्या पायांआडून त्याने स्वतः सगळं पाहिलं होतं. पण पाहिलेलं धरायचं नाही. आठवलेलं धरायचं नाही. जन्मभर त्याने हा नियम पाळला होता. शिळा राखण्यासाठी आज तो मोडायचा, तर शिळेवर बसायचं तरी कशाला? त्याने विचार केला, भागा गाळाचं सांगेलच. तिने सांगितलं की माझ्या कानावर येईल. कानावर आलं की निकाल माझ्या बाजूने.

तो वाट पाहत राहिला. गव्याचं बोलून संपलं, तरी वाट पाहत राहिला. डावीकडून एक शब्द आला नाही.

ही बाई जन्मभर बोलली. आणि आज नेमकी गप्प बसली.

"शिळा गव्याची," तो म्हणाला. आणि उठला.

कुणी जल्लोष केला नाही. गवासुद्धा क्षणभर बसायचं विसरला. भागाबाई फिरून दाजीबाच्या उजव्या बाजूला आली.

"आज का गं बोलली नाहीस?" दाजीबाने विचारलं.

भागाबाईने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. गर्दीतून गोदाबाई साळिंदर पुढे आली आणि म्हणाली, "बोलल्या की, दाजीबा. पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेलं."

दाजीबाने डावा कान सोंडेने चाचपला. मग गोदाबाईकडे पाहिलं. मग ससाण्याकडे, तरसाकडे, घारीकडे. सापाकडे पाहिलं असतं, पण तो आलेला नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. "मी एकाच बाजूचं ऐकत आलो. सगळे निकाल पुन्हा देतो. पहिल्यापासून. दोन्ही बाजू ऐकून."

गोदाबाईचे काटे आनंदाने उभे राहिले. पण तेवढेच. बाकी जंगलात कुजबूज सुरू झाली. ज्याने त्याने कधी ना कधी उजवीकडे उभं राहून काहीतरी मिळवलं होतं. हरलेलं प्रत्येकाला आठवत होतं, पण जिंकलेलं घरात होतं.

"निकाल तो निकाल!" डुक्कर बिळातून ओरडलं. नाक आत असल्यामुळे ते गेंगाणं ऐकू आलं.

"आता पंच कोण आहे?" गवा म्हणाला आणि शिळेवर बसला.

सगळ्यांनी गव्याला नमस्कार केला.

गव्याचे दोन्ही कान शाबूत होते. पुढच्या बाजाराला त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, गोंधळला आणि डावीकडच्याच्या बाजूने निकाल देऊन बसला. जंगल खवळलं. "ही कुठली रीत? आमच्या पंचांनी असं कधी केलं नाही!" त्यानंतरच्या बाजाराला गवा डाव्या कानात चिखल भरून आला. सगळ्यांना हायसं वाटलं. तिथे अजून तसंच चाललंय.

दाजीबाने सुळ्याने उकरून गोदाबाईला नवं बीळ करून दिलं. त्यासाठी तिला कुणाच्याही कानाशी उभं राहावं लागलं नाही. मग तो एकटाच रंगराव कोल्ह्याकडे गेला. या खेपेला त्याची शेपटी कुणी ओढली नाही.

"दुसरं दे. डाव्याचं."

"मी तेव्हाच म्हणालो होतो," रंगराव म्हणाला.

"तू विकायला म्हणाला होतास."

"ते खरं. पण आता काय उपयोग, दाजीबा? पद होतं तेव्हा नको म्हणालात. आता शिळा नाही, फिर्यादी नाहीत, कुणी विचारत नाही. आता दोन कशाला?"

दाजीबाने मशीन डाव्या कानामागे नीट बसवलं. शिटी वाजली, म्हणून पुन्हा बसवलं.

"पंचाला एक पुरतं," तो म्हणाला. "आता मला घरी राहायचंय."

तात्पर्य: ज्याला दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं, त्याला कधीही पंच करू नये. असा प्राणी घरी उपयोगी पडतो.